रीस्टार्ट केलं की एन८एन सगळं विसरतं? आधी फोल्डर आणि किल्ली तपासा

एन८एन म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या, अर्थात वर्कफ्लो, जोडायचं साधन; आणि डॉकर म्हणजे असे प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यात चालवणारी सोय. लक्षण असं. डॉकरवर एन८एन चढवलं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ५६७८ उघडलं, खातं बनवलं, दोन-चार वर्कफ्लो जोडले. काही दिवस सगळं सुरळीत. मग कधीतरी मशीन बंद करून चालू केलं किंवा नवी आवृत्ती घेतली, आणि समोर पुन्हा पहिल्या दिवशीचाच पडदा: मालकाचं खातं तयार करा. वर्कफ्लो गायब, क्रेडेन्शियल (इतर सेवांचे साठवलेले पासवर्ड आणि टोकन) गायब. याचाच दुसरा अवतार जास्त चिडवतो. वर्कफ्लो सगळे जागेवर दिसतात, पण चालवायला गेलं की क्रेडेन्शियल डिक्रिप्ट होत नाही म्हणून लाल पट्टी येते.

माझ्याकडे हे तीनदा झालं. पहिल्या दोन वेळा मी मुकाट्याने सगळं नव्याने मांडलं आणि ‘डॉकर बेभरवशाचं आहे’ असं म्हणून मोकळा झालो. तिसऱ्यांदा लॉग वाचायला बसलो, तेव्हा कळलं की डॉकरने मी सांगितलेलंच तंतोतंत केलं होतं.

पुढे आज्ञा आणि व्हेरिएबलची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना आज्ञा लहान रोमन अक्षरांत आणि व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची.

आधी बघा, डेटा खरंच गेलाय का

पुन्हा खातं बनवायच्या आत थांबा. ‘डॉकर पीएस -ए’ चालवा. नुसतं ‘डॉकर पीएस’ फक्त चालू कंटेनर दाखवतं, ‘-ए’ लावलं की बंद पडलेलेही दिसतात. यादीत एन८एनचे दोन-तीन कंटेनर दिसले, तर बहुतेक वेळा गोष्ट सोपी असते: तुम्ही जुना कंटेनर चालू करण्याऐवजी ‘डॉकर रन’ ही आज्ञा पुन्हा दिलीत. ‘रन’ दर वेळी नवा कोरा कंटेनर बनवतं, जुना सुरू करायला ‘डॉकर स्टार्ट’ लागतं. जुन्याचं नाव घेऊन स्टार्ट केलं की तुमचं सगळं तिथेच असतं. (आधी नवा बंद करा, नाहीतर ५६७८ हा पोर्ट आधीच व्यापलेला आहे अशी तक्रार येईल.)

जुना कंटेनर सापडला की लगेच त्याच्यातलं फोल्डर बाहेर काढून ठेवा. ‘डॉकर सीपी’ ही आज्ञा बंद कंटेनरवरही चालते. काढायचं फोल्डर म्हणजे कंटेनरमधलं ‘/होम/नोड/.एन८एन’. पुढचा बिंदू विसरू नका. बिंदूने सुरू होणारी फोल्डरं लिनक्स आणि मॅक नेहमीच्या यादीत दाखवत नाहीत, म्हणून कॉपी झाली तरी ‘काहीच आलं नाही’ असं वाटतं.

पण मूळ आज्ञेत ‘--आरएम’ असेल आणि व्हॉल्यूम (कंटेनरच्या बाहेर डेटा राखणारी डॉकरची जागा) जोडलेला नसेल, तर कंटेनर थांबताच डॉकरने तो पुसून टाकला आहे. मग हाती काही लागत नाही. झटपट चाखून बघायच्या आज्ञांमध्ये ‘--आरएम’ सर्रास असतं, आणि आपण तीच आज्ञा कायमची म्हणून वापरत राहतो. माझा पहिला अपघात हाच.

त्या फोल्डरमध्ये काय असतं

हे समजलं की बाकीचं अर्धं दुखणं आपोआप कळतं. वेगळं काही सांगितलं नाही तर एन८एन आपला डेटा एसक्यूलाइट डेटाबेसच्या एका फाइलमध्ये ठेवतं: वर्कफ्लो, चालवण्याचा इतिहास, खाती, क्रेडेन्शियल, सगळं. त्याच फोल्डरात ‘कॉन्फिग’ नावाची चिमुकली फाइल असते. एन८एन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच एक यादृच्छिक किल्ली बनवतं आणि या फाइलमध्ये लिहून ठेवतं. तुमचे पासवर्ड आणि टोकन डेटाबेसमध्ये जातात ते या किल्लीने कुलूपबंद होऊन.

म्हणजे डेटाबेस ही तिजोरी आणि कॉन्फिग ही तिची किल्ली. दोन्ही गेल्या तर पहिल्या दिवसाचा पडदा दिसतो. तिजोरी राहिली आणि किल्ली बदलली तर लाल पट्टी येते. लक्षण बघूनच कळतं की कुठे शोधायचं.

फोल्डर हरवण्याचे प्रकार

व्हॉल्यूम जोडलाच नाही, हा सरळ प्रकार झाला. त्यावर उपाय म्हणजे नाव दिलेला व्हॉल्यूम करून तो ‘/होम/नोड/.एन८एन’ या जागी जोडणं.

दुसरा प्रकार: व्हॉल्यूम जोडलाय, पण चुकीच्या जागी. एन८एनच्या जुन्या इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यात) हे फोल्डर ‘/रूट/.एन८एन’ असं होतं. जुनी सूचना बघून कोणी ती जागा लिहिली, तर डॉकर कुरकूर न करता व्हॉल्यूम तिथे जोडतं, एन८एन मात्र भलतीकडेच लिहितं. सगळं ठीक दिसतं, व्हॉल्यूमच्या यादीत नावही असतं, पण आत रिकामं. ‘डॉकर इन्स्पेक्ट’च्या उत्तरात ‘माउंट्स’ हा भाग काढा आणि जागा अक्षरशः ताडून बघा.

तिसऱ्या प्रकाराने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. डॉकर कंपोज (सगळी मांडणी एका फाइलमधून चालवणारी सोय) वापरत असाल तर ते व्हॉल्यूमच्या नावाच्या आधी प्रकल्पाचं नाव जोडतं, आणि प्रकल्पाचं नाव म्हणजे सहसा कंपोज फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचं नाव. मी ‘टेस्ट’ नावाच्या फोल्डरात सुरुवात केली होती. गाडी रुळावर आल्यावर फोल्डरचं नाव बदलून ‘ऑटोमेशन’ केलं. पुढच्या ‘कंपोज अप’ला डॉकरने नव्या नावाचा नवा रिकामा व्हॉल्यूम बनवला आणि एन८एनने नम्रपणे मला खातं उघडायला सांगितलं. जुना व्हॉल्यूम नावाच्या सुरुवातीला ‘टेस्ट’ लावून तिथेच पडून होता. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ केलं की असे भाऊबंद शेजारी-शेजारी दिसतात. कायमचा उपाय: कंपोज फाइलमध्ये व्हॉल्यूमच्या व्याख्येत ‘नेम’ ही ओळ घालून नाव पक्कं करा, किंवा व्हॉल्यूम आधी स्वतः बनवून त्याला ‘एक्स्टर्नल’ म्हणून नोंदवा. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण एक्स्टर्नल व्हॉल्यूम सापडला नाही तर कंपोज सुरूच होत नाही. गुपचूप रिकामं चालू होण्यापेक्षा ठणाणा करून अडून बसलेलं बरं. शिवाय ‘कंपोज डाउन -व्ही’ केलंत तरी एक्स्टर्नल व्हॉल्यूम वाचतो. तो ‘-व्ही’ व्हॉल्यूम पुसण्यासाठी असतो, हे बऱ्याच जणांना पुसून झाल्यावर कळतं.

एकाच मशीनवर एकदा एनपीएमने (नोडजेएसच्या पॅकेज-साधनाने, थेट मशीनवर) आणि एकदा डॉकरने चढवलं असेल, तर ती दोन वेगळी घरं आहेत. एनपीएमवालं तुमच्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरात लिहितं, डॉकरवालं व्हॉल्यूममध्ये. पोर्ट दोघांचा एकच, त्यामुळे ब्राउझरमधून फरक कळत नाही; जो आधी सुरू झाला तो दिसतो. लिनक्सवर डॉकर डेस्कटॉप आणि साधं डॉकर इंजिन दोन्ही असेल तर त्यांचे व्हॉल्यूमही वेगवेगळे असतात. ‘डॉकर कॉन्टेक्स्ट एलएस’ केल्यावर सध्या आपण कुणाशी बोलतोय ते समजतं.

किल्ली जुळत नाही तेव्हा

लाल पट्टी येण्याचं नेहमीचं कारण: डेटाबेस पोस्टग्रेसमध्ये (वेगळ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये) हलवला आणि ‘आता डेटा तिकडे आहे’ या भरवशावर ‘.एन८एन’ फोल्डरचा व्हॉल्यूम काढून टाकला. मग दर नव्या कंटेनरला नवी किल्ली तयार होते आणि जुनं एकही कुलूप उघडत नाही. दुसरं कारण म्हणजे नव्या मशीनवर नुसती डेटाबेसची फाइल नेली, कॉन्फिग मागे राहिली.

जुनी कॉन्फिग कुठेही शिल्लक असेल, जुन्या कंटेनरमध्ये, बॅकअपमध्ये, दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये, तर ती उघडून किल्ली जशीच्या तशी उचला आणि ‘एन८एन एनक्रिप्शन की’ या व्हेरिएबलमध्ये द्या. मात्र फोल्डरात दरम्यान तयार झालेली नवी कॉन्फिग बसलेली असेल, तर एन८एन दोन किल्ल्या जुळत नाहीत असं लॉगमध्ये सांगून सुरू व्हायलाच नकार देतं. त्या नव्या कॉन्फिगमध्येही जुनी किल्ली लिहा किंवा ती फाइल बाजूला करा, मग ते चालू होतं.

किल्ली तुम्ही स्वतः ठरवणार असाल तर त्यात डॉलरचं चिन्ह घालू नका. कंपोज फाइलमध्ये डॉलर म्हणजे पुढे व्हेरिएबलचं नाव आहे अशी खूण असते, त्यामुळे किल्लीचा तेवढा तुकडा उडतो आणि तुम्ही लिहिलेली किल्ली व एन८एनला मिळालेली किल्ली वेगळ्या निघतात. घालायचंच असेल तर दोन डॉलर एकापुढे एक लिहा. साधी लांबलचक अक्षरं-आकडे घेतले तर ही कटकटच नाही.

आणि जुनी किल्ली कुठेच नसेल तर? तर क्रेडेन्शियल पुन्हा भरायची. यावर आडवाट नाही. वर्कफ्लो मात्र शाबूत असतात, त्यामुळे वर्कफ्लोतल्या प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे पायरीत, नवं क्रेडेन्शियल निवडलं की काम चालू. वैतागून अख्खा डेटाबेस पुसू नका.

परवानगीची अडचण

व्हॉल्यूमऐवजी मशीनवरचं साधं फोल्डर जोडलं असेल तर लिनक्सवर हमखास येणारी चूक म्हणजे कॉन्फिग फाइल उघडायला परवानगी नाही. कंटेनरच्या आत एन८एन ‘नोड’ नावाच्या वापरकर्त्याने चालतं आणि त्याचा क्रमांक १०००. तुम्ही दिलेलं फोल्डर आधी अस्तित्वात नसेल तर डॉकर ते रूटच्या (मशीनच्या प्रशासकाच्या) मालकीचं बनवतं आणि १००० क्रमांकाला तिथे लिहिता येत नाही. ‘चोन’ या आज्ञेने फोल्डर आणि आतल्या सगळ्याची मालकी १०००:१००० करा. वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देण्याचा मोह होतो, तो आवरा. किल्ली असलेली फाइल जगाला वाचता यावी अशी ठेवणं शहाणपणाचं नाही, आणि कॉन्फिगच्या परवानग्या जास्त सैल आहेत हे एन८एनसुद्धा लॉगमध्ये बोलून दाखवतं.

विंडोजवर मी सरळ नाव दिलेला व्हॉल्यूमच घेतो. विंडोजच्या डिस्कवरचं फोल्डर कंटेनरला जोडलं की प्रत्येक वाचन-लेखन सीमा ओलांडून होतं, आणि एसक्यूलाइटला ते मानवत नाही: कधी संथ, कधी फाइल अडकलेली.

चालू आहे, पण वेळेवर चालत नाही

फोल्डर आणि किल्ली पक्की झाली की पुढची तक्रार येते ती वेळेची. सकाळी नऊचा वर्कफ्लो भलत्याच वेळी चालतो. त्याचं कारण मजेशीर आहे: टाइमझोन सांगितला नाही तर एन८एन न्यूयॉर्कचं घड्याळ धरतं. तुमच्या आणि न्यूयॉर्कच्या वेळेत जेवढा फरक, तेवढा वर्कफ्लो सरकतो. तिथे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नंतर मागे घेतात, म्हणून काही जण चूक ‘भरून काढायला’ वर्कफ्लोची वेळच हलवून ठेवतात आणि काही महिन्यांनी ती पुन्हा तासाभराने चुकते. ‘जेनेरिक टाइमझोन’ आणि ‘टीझेड’ या दोन्ही व्हेरिएबलमध्ये आपल्या टाइमझोनचं खंड/शहर या धाटणीचं नाव द्या. पहिलं शेड्यूल नोडसाठी, दुसरं कंटेनरच्या घड्याळासाठी. एखाद्या वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये स्वतंत्र टाइमझोन निवडलेला असेल तर तिथे तोच चालतो, तेही बघून घ्या.

वेळ बरोबर, तरी काम झालं नाही? मग मशीन झोपलं होतं का ते विचारा. मशीन झोपेत असताना हुकलेली वेळ एन८एन जाग आल्यावर भरून काढत नाही, ती फेरी सुटली ती सुटली. लॅपटॉपवर चालवत असाल तर विजेला जोडलेला असताना झोपणं बंद करा, झाकण मिटल्यावर काय करायचं तेही बघा. कंटेनरला ‘रीस्टार्ट: अनलेस स्टॉप्ड’ हे धोरण द्या. यात एक खोच आहे: तुम्ही हाताने थांबवलेला कंटेनर रीबूटनंतरही थांबलेलाच राहतो. विंडोज आणि मॅकवर आणखी एक पायरी असते, कारण डॉकर डेस्कटॉप तुम्ही लॉगिन केल्यावर सुरू होतं. रात्री अपडेटने मशीन रीस्टार्ट झालं आणि लॉगिनच्या पडद्यावर उभं राहिलं, तर सकाळपर्यंत काहीच चालत नाही. ज्याला हे परवडणार नाही त्याने जुन्या मशीनवर लिनक्स टाकून साधं डॉकर इंजिन चालवावं. ते लॉगिनची वाट बघत नाही.

लोकलहोस्ट म्हणजे कोणाचा?

एन८एन कंटेनरमध्ये आणि ओलामासारखं (स्वतःच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणारं) दुसरं काही त्याच मशीनवर बाहेर. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ११४३४ उघडतं, एन८एनमधून मात्र जोडणी नाकारली जाते. कंटेनरच्या आतून ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की त्याचा अर्थ तो कंटेनर स्वतः, तुमचं मशीन नव्हे. डॉकर डेस्कटॉपवर ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल’ हा पत्ता वापरा. लिनक्सवर तो आपोआप मिळत नाही. कंपोज फाइलमध्ये ‘एक्स्ट्रा होस्ट्स’खाली त्या नावाला ‘होस्ट-गेटवे’ जोडावं लागतं. तरीही नाकारलं तर दोष पलीकडच्या बाजूला आहे: ओलामा मुळात फक्त १२७.०.०.१ वर ऐकतं, त्याला ‘ओलामा होस्ट’ व्हेरिएबलने ०.०.०.० वर आणावं लागतं. असं केल्यावर ते तुमच्या नेटवर्कमधल्या इतरांनाही दिसू लागतं, तेव्हा फायरवॉलकडे लक्ष द्या. दोन्ही गोष्टी एकाच कंपोज फाइलमध्ये असतील तर हा खटाटोप नको. सर्व्हिसचं नाव हाच पत्ता.

एनपीएमने थेट मशीनवर चढवलेल्यांना हीच चूक वेगळ्या रूपात भेटते. चुकीच्या ओळीत ::१ दिसलं तर नोडजेएसने (एन८एन ज्यावर चालतं त्याने) लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६ असा घेतला आहे. लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१ लिहा, काम होतं.

वेबहुक टेस्ट करताना चालतं, मग बंद

वेबहुक म्हणजे बाहेरची सेवा वर्कफ्लोला जिथे हाक मारते तो पत्ता. प्रत्येक वेबहुक नोडला असे दोन पत्ते असतात. ‘वेबहुक-टेस्ट’वाला पत्ता टेस्टचं बटण दाबल्यावर १२० सेकंद ऐकतो आणि कान मिटतो. कायमचा पत्ता ‘वेबहुक’वाला, आणि तो वर्कफ्लो अ‍ॅक्टिव्ह असेल तरच चालतो, नव्या आवृत्त्यांत त्यासाठी पब्लिश करावं लागतं. बाहेरच्या सेवेत टेस्टचा पत्ता चिकटवून ‘कधी चालतं, कधी नाही’ म्हणणारे मी बरेच बघितले, आणि त्यांत मीही होतो.

बाहेरच्या सेवेला तुमच्या लोकलहोस्टपर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून टनेल, म्हणजे इंटरनेटवरून तुमच्या मशीनपर्यंत येणारी वाट, लागतो. फुकट झटपट टनेलचा पत्ता दर वेळी बदलू शकतो आणि मग रीस्टार्टनंतर वेबहुक मेलेले दिसतात. पत्ता पक्का मिळेल असा टनेल घ्या आणि तोच ‘वेबहुक यूआरएल’ व्हेरिएबलमध्ये लिहा, म्हणजे एन८एन बाहेर तोच पत्ता देईल. टेलिग्रामचा बॉट असेल तर आणखी एक: टेलिग्राम एका बॉटला एकच वेबहुक देतं. तुम्ही टेस्ट केलीत की टेस्टचा पत्ता नोंदला जातो आणि खरा पत्ता पुसला जातो. टेस्टनंतर वर्कफ्लो बंद करून पुन्हा चालू करा, किंवा सरावासाठी वेगळा बॉट ठेवा.

किरकोळ, पण विचारलं जाणारं

मोबाइलवरून मशीनच्या आयपीवर गेलात आणि सुरक्षित कुकीबद्दल संदेश आला, तर कारण एवढंच की तुम्ही एचटीटीपीएसशिवाय आला आहात. घरच्या नेटवर्कपुरतं ‘एन८एन सिक्युअर कुकी’ हे फॉल्स करा. बाहेर उघडं असलेल्या मशीनवर करू नका.

कंटेनर १३७ आकडा दाखवून मेला तर तो बाहेरून मारला गेला आहे, बहुधा मेमरी संपल्याने. मोठ्या फायली एका दमात ओढणारा वर्कफ्लो शोधा आणि त्याचे लहान हप्ते करा.

डिस्क भरत चालली तर इतिहासाकडे बघा. एन८एन मुळात ३३६ तास, म्हणजे १४ दिवसांपेक्षा जुन्या आणि १०,००० च्या वरच्या नोंदी काढतं. पण एसक्यूलाइटची फाइल नोंदी काढल्याने लहान होत नाही; ती आखडायला ‘डीबी एसक्यूलाइट व्हॅक्यूम ऑन स्टार्टअप’ एकदा ट्रू करून सुरू करावं लागतं.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

नव्या मांडणीत एक नाटकी वर्कफ्लो आणि एक खोटं क्रेडेन्शियल बनवा. मग ‘कंपोज डाउन’ करा, ‘-व्ही’ न लावता. कंटेनर पूर्ण पुसला जाईल. आता ‘कंपोज अप -डी’. लॉगिनचा पडदा आला, वर्कफ्लो दिसला आणि क्रेडेन्शियल उघडून सेव्ह करता आलं, तर फोल्डर आणि किल्ली दोन्ही कंटेनरच्या बाहेर सुखरूप आहेत. मग मशीन खरोखर रीबूट करा आणि हात न लावता पान उघडतंय का ते बघा. या दोन परीक्षा होईपर्यंत मी आता एकही खरा वर्कफ्लो बांधत नाही.

इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ न लिहिता आवृत्तीचा आकडा लिहा. नवी आवृत्ती सुरू होताना डेटाबेसची रचना बदलू शकते आणि मग जुन्या आवृत्तीवर परतणं अवघड होतं. आवृत्ती बदलायच्या आधी कंटेनर थांबवून पूर्ण ‘.एन८एन’ फोल्डरची कॉपी घ्या. चालू असताना घेतली तर डेटाबेसच्या जोडीला ‘वॉल’ शेपटीची फाइल असते आणि ताज्या नोंदी तिच्यात अडकलेल्या असू शकतात. कॉन्फिगमधली किल्ली या कॉपीपासून वेगळ्या ठिकाणी, पासवर्ड मॅनेजरमध्ये, लिहून ठेवा. माझी तिसरी दुरुस्ती तशा एका नोंदीमुळे २० मिनिटांत उरकली.